वास बाटलीत, की नाकात

माझी आई शेवटची काही वर्षं मला ओळखत नव्हती. माहेरी कडा गावी गेले की ती पदर सावरून विचारायची, "बाई, तुमी कुणाच्या?" मी सांगायची. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "बरं बरं, बसा, च्या घ्या." पण हे सगळं सुरू झालं होतं नाकापासून, आणि ते मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. नाहीतर पुढं मी एका वासापायी घर डोक्यावर का घेतलं, हे कुणाला कळायचं नाही.

आईचं नाक आमच्या घरात कोतवालाच्या जागी होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. कोण बिडी ओढून आलंय आणि कोण नुसतं ओढणाऱ्याजवळ बसून आलंय, हेसुद्धा ती ओसरीवरून सांगायची. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "भाकरीला रॉकेलचा वास येतुया." घरात रॉकेल येणं बंद होऊन किती वर्षं झाली होती! आम्ही हसलो. म्हातारीला आज पुरणाची पोळी पाहिजे दिसते, असं म्हणून थट्टा केली. पुढं पुढं तिला पाण्याला वास यायला लागला, अंथरुणाला यायला लागला. मग उलटंच झालं. कढईत फोडणी जळून कोळसा झाली आणि ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. त्यानंतर नावं गेली, माणसं गेली, शेवटी मी गेले. डॉक्टर आम्हाला नंतर म्हणाले, काही जणांचं असं असतं, आधी नाक जातं आणि मग डोकं. ते त्यांनी सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं.

कारण माझं नाक आईचं आहे. मी लहान होते तेव्हापासून सगळे हेच म्हणत आले. आणि आमच्या ह्यांना हे सगळं माहीत आहे. आईच्या आजारात ते माझ्याबरोबर कितीदा कड्याला आले, तिच्या हातचा तो परक्यासारखा दिलेला चहा त्यांनीही प्यायलाय.

तर आता आमचे हे. बीडला खता-बियाणांचं दुकान, शेतीची पदवी, आणि डोक्यात कायम काहीतरी नवीन. आमचं गाव कपिलधारच्या डोंगराच्या अंगाला. डोंगर म्हणजे सीताफळ. दिवाळीच्या अलीकडे पलीकडे इतकं पिकतं की शेळ्यासुद्धा तोंड फिरवतात. फळ मोठं नाजूक, आज उतरवलं की परवा त्याचा लगदा. ह्यांना वाटायचं, ह्याचं काहीतरी टिकाऊ केलं पाहिजे. म्हणून नाशिककडे कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. तिथं म्हणे जॅम, पल्प, सरबत, वाइन सगळंच शिकवलं होतं. हे नेमकं वाइन तेवढी घेऊन आले.

सासूबाई माळकरी. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "वाइन म्हंजी दारू का?"

"न्हाई गं आई, फळाचा रस हाय. जरा आंबवलेला."

"रस हाय तर मंग परवाना कावून लागतो?"

त्या परवान्यापायी पुढचं वर्ष गेलं. मग गावाबाहेर एक जुनं सरकीचं गोदाम भाड्यानं घेतलं. जाड भिंती, आत उन्हाळ्यातही गार. भिंतीला जुन्या लाकडाच्या फळ्यांच्या मांडण्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. स्टीलच्या टाक्या आल्या. आणि उद्घाटनाच्या आधी ह्यांनी सगळं गोदाम टीसीएलच्या पाण्यानं घासून घेतलं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. आमच्याकडे तिला दुसरं नावच नाही. विहिरीत टाकायची टीसीएल, टँकरमध्ये टाकायची टीसीएल, गावात जुलाब लागले की ग्रामपंचायतीला पहिला प्रश्न, टीसीएल टाकली का? स्वच्छ म्हणजे टीसीएलचा वास आला पाहिजे, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललोय. त्या दिवशी गोदामात डोळे चुरचुरत होते आणि हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता कसं, दवाखान्यावाणी झालं."

मग बुचाचं प्रकरण. शिकवणारे सर म्हणाले होते की फिरकीचं टोपण लावा, स्वस्तात होईल. पण ह्यांना बूचच पाहिजे. "उघडताना फट्ट आवाज आला पाहिजे, त्याबिगर वाइन कसली?" आता मी शाळेत मराठी शिकवते, आणि माझी समजूत अशी की बूच म्हणजे आपल्या बुचाच्या झाडाचं. शाळेपुढं आहे की, लांब देठाची पांढरी फुलं पडतात ते. पोरी वेण्या करतात त्याच्या. मी म्हटलं, त्याचीच साल काढा ना. हे हसले. ते झाड वेगळं, हे बूच परदेशातल्या झाडाचं, तिकडून येतं. मग आपल्या झाडाला बूच का म्हणतात, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते तुझ्या मराठीच्या पुस्तकात बघ. दुकानावर बसणारे ह्यांचे एक दोस्त होते, ते रोज एकच विनोद करायचे, "आता कुणाला बूच मारणार हाईस बे?" आणि स्वतःच हसायचे.

बुचं आली. मोठमोठ्या सीलबंद पिशव्यांतून. एक पिशवी फोडून त्या लाकडी मांडणीवर ठेवली आणि हातमशीनवर बाटल्या भरायला सुरुवात झाली. मी शाळेतून परस्पर गोदामात जायची. पहिली बाटली उघडली तो दिवस मला आठवतो. मी पीत नाही, घरात माळ आहे. पण हुंगायला कुणाची बंदी? ग्लास नाकाशी धरला आणि अगं बया, सीताफळ! पिकून फुटलेलं, कडेला जरा मध लागल्यासारखं. मला खरोखर आनंद झाला. इतके दिवस मी ह्यांना टोमणे मारत होते ते मनातल्या मनात परत घेतले.

मग काही आठवड्यांनी कुणीतरी पाहुणे आले म्हणून आणखी एक बाटली फोडली. मी सवयीनं नाक लावलं. सीताफळ गायब. त्याच्या जागी ओल्या पोत्याचा वास. पावसात भिजलेलं पोतं अंधारात तसंच पडून राहिलं की येतो ना, कुबट, तसा. मी ह्यांना हाक मारली, "अहो, हे बघा काय झालंय." ते आले, त्यांनी हुंगलं, म्हणाले, "काय झालंय?"

"वास येतोय. कुबट."

"न्हाई बा. मला तर न्हाई येत."

मी परत हुंगलं. आणि काय सांगू, माझ्या नाकालाही तो कमी वाटला. तिसऱ्यांदा हुंगलं तर काहीच नाही! ना पोतं, ना सीताफळ. नुसतं गार पाणी. हे माझ्याकडे बघत होते. पाहुणे ग्लास संपवून म्हणाले, छान आहे. भाकरी आणि रॉकेल एकदम डोळ्यांपुढं आलं.

तिथून पुढं माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. एक बाटली उघडावी तर सुरेख. तिच्याच शेजारची उघडावी तर ओलं पोतं. टाकी एक, दिवस एक, भरणारी माणसं तीच. मग एकीला वास आणि एकीला नाही, हे कसं? असं कधी असतं का? मी विचार करायची, वास बाटलीत असता तर सगळ्यांत असता. नाकात असेल तरच असा कधी येईल आणि कधी जाईल. बरं, कुणाला विचारायची सोय नाही. शाळेत बाटली नेली असती तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. शेजारच्या वहिनींना हुंगायला दिलं तर त्या म्हणाल्या, "दारूचा वास येतोय की वैनी, आणखी कशाचा येणार?" दुकानातल्या त्या दोस्तांना दिलं तर त्यांनी ग्लास रिकामा केला आणि "नीट कळलं न्हाई, आणखी द्या" म्हणाले. आमच्याकडे चांगली वाइन कशी वासाला असते हेच कुणाला ठाऊक नाही, तर बिघडलेली काय डोंबल ओळखणार! राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं नाक अजून तिखट आहे. मी ग्लास घेऊन गेले तर त्या सरकल्याच.

"माळकरी माणसाच्या नाकाला कावून लावतीस ते?"

"आत्या, प्यायचं नाही, नुसता वास घ्यायचा."

"वास नाकातून आतच जातो न्हवं? मंग?"

मी ग्लास मोरीत ओतून टाकला.

मी रोज ह्यांना विचारायची. कधी गोडीनं, कधी भांडून. "तुम्हाला खरंच येत नाही?" ते म्हणायचे, "न्हाई गं. तुला लई विचार करायची सवय हाय. जरा झोप घेत जा." आणि हळूहळू तो वास गोदामातून माझ्या घरात आला. कपाटात आला. उशीला आला. माझ्या स्वतःच्या केसांना आला. एकदा वर्गात फळ्यावर लिहिताना साडीच्या पदराला आला आणि मी अर्धं वाक्य लिहून तशीच उभी राहिले. पोरांना वाटलं, बाईंना चक्कर आली.

शेवटी मी हट्टच धरला. नाशिकच्या सरांना एक बाटली पाठवा, ते सांगतील. हे कितीतरी दिवस टाळत होते, पण मी जेवण सोडते म्हटल्यावर बाटली पाठवली. सरांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं गोदामाबाहेर उभे होतो. आमच्याकडं रेंज म्हणजे देवाची करणी. फोन स्पीकरवर टाकला. सर बोलत होते आणि मधले शब्द डोंगर खात होता.

"वहिनी... टीसीए... आहे... गोदामात लाकूड... टीसीए... बुचाला..."

आणि फोन कट.

आता हे मी लिहिताना "टीसीए" लिहितेय. त्या दिवशी आम्हा दोघांनाही ऐकू आलं ते "टीसीएल". दुसरं काय ऐकू येणार? तीन अक्षरांतलं पहिलं दीड ऐकू आलं की बाकीचं आमचं आम्हीच पुरं करतो. हे म्हणाले, "टीसीएल टाका म्हणले." मी म्हटलं, "टीसीएल आहे म्हणाले." तिथंच जुंपली. आहे म्हणाले की टाका म्हणाले? ह्यांनी आपलं खरं केलं. दुसऱ्याच दिवशी परत टीसीएलचं पाणी करून मांडण्या, फरशी, दारं, सगळं घासलं. मी सांगितलं, अहो परत फोन लावून विचारा तरी! तर म्हणाले, हंगाम चालू हाय त्यांचा, सारखा त्रास कशाला, मी बोलतो नंतर. ते नंतर काही उजाडलं नाही.

पण माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. माझ्या कानानं ऐकलं होतं "टीसीएल आहे." म्हणजे सरांना त्या बाटलीत ब्लीचिंगचा वास आला. शिकलेलं नाक, आयुष्य वाइनमध्ये गेलेलं, त्याला ब्लीचिंग. आणि मला ओलं पोतं! ब्लीचिंगचा वास काय मला कळत नाही? जन्म गेला त्या पाण्यात. म्हणजे बाटलीत आहे एक आणि माझ्या नाकाला येतोय दुसराच वास. आईचं नेमकं हेच झालं होतं. भाकरीला भाकरीचा वास होता आणि तिला रॉकेलचा येत होता. मी न्हाणीघरात जाऊन बालदीत नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

बाहेर आल्यावर मी ह्यांना सांगितलं, "मला आईसारखं होतंय." अगदी ह्याच शब्दांत. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "अंबाजोगाईला दाखवून येऊ."

अंबाजोगाईला गेलो. नाकाच्या डॉक्टरांनी छोट्या बाटल्या काढल्या, डोळे मिटायला सांगितले. कॉफी. लवंग. कापूर. साबण. मी धडाधड सांगत गेले. मग त्यांनी एक बाटली नाकाखाली धरली आणि मी म्हटलं, "ओलं पोतं."

"ताई, ही रिकामी आहे."

मी डोळे उघडले. बाटली खरंच रिकामी होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते शेजारच्या खुर्चीवर बसून होते, हातात माझी पर्स, आणि नजर जमिनीला. डॉक्टर म्हणाले, नाक तर चांगलं दिसतंय. पण घरात असा इतिहास असेल तर एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. काळजी करू नका. आता हे वाक्य ऐकून ज्याची काळजी मिटते असा माणूस मला बघायचाय.

परत येताना हे माझ्याशी फार प्रेमानं वागले. स्टँडवर उसाचा रस पाजला. खिडकीची जागा मिळवून दिली. पदर उडून तोंडावर येत होता तो नीट खोचून दिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्या माणसानं कधी चारचौघांत पदराला हात लावला नव्हता. मला वाटलं, ह्यांच्याही लक्षात आलंय की आता ही आपल्या हातातून चालली. मी खिडकीबाहेर बघत मनात आपल्या मुलीचं नाव घेत होते, भाचरांची नावं, सहावीतल्या पोरांची हजेरीतली नावं, एकेक. कुठं अडते का बघत होते. अडले नाही. पण न अडल्यानंही भीती गेली नाही.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची चाललीच होती, तेवढ्यात नाशिकचे सर स्वतःच आले. लातूरकडे कुठं जायचं होतं, वाटेत बीड, म्हणून वाकडी वाट करून आले. गृहस्थ उंच, हसरे. गोदामाच्या दारात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले.

"अहो, हे काय? मी फोनवर सांगितलं होतं ना, टीसीए आहे म्हणून?"

"टाकलं की सर," हे म्हणाले. "दोनदा टाकलं."

"काय टाकलं?"

"टीसीएल."

सरांनी कपाळाला हात लावला आणि मग इतके हसले की त्यांना दाराला धरावं लागलं. मला काही कळेना. ते आत आले, एका खोक्यावर बसले आणि मला म्हणाले, वहिनी, टीसीएल नाही, टीसीए. बुरशीपासून होणारी एक चीज आहे. तुमच्या त्या पावडरीतला क्लोरीन लाकडात मुरतो. लाकडाला ओल धरली, बुरशी आली, की ती त्याच्यापासून हे टीसीए करते. थेंबाचाही थेंब पुरतो. हवेतून जातं आणि बुचात जाऊन बसतं, बूच ते धरून ठेवतं. मग तेच बूच बाटलीत.

"पण सगळ्या बाटल्यांना नाही येत," मी म्हटलं.

"बुचाची पिशवी कुठली उघडी होती?"

मी मांडणीकडे बोट केलं. फोडलेली पिशवी तिथंच होती. बाकीच्या सीलबंद पिशव्या फोडल्या की तिथल्या तिथं संपायच्या, ही तेवढी उरलीसुरली मांडणीवर पडून असायची आणि कमी पडलं की तिच्यातून घ्यायचो. सर म्हणाले, ह्या पिशवीतली बुचं जिथं गेली तिथं वास. पिऊन अपाय काही नाही, पण फळाचा वास मारून टाकतं. आणि ह्याची आणखी एक गंमत, ते नाकालाच झोपवतं. पहिल्या हुंगण्यात येतो तो खरा, पुढं पुढं माणसाला वाटतं, आपल्याला भासच झाला. कपड्यांनासुद्धा धरतं. अंबाजोगाईला मी गोदामातून तशीच गेले होते, तीच साडी, तोच पदर. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी पदर नाकाशी धरला.

"म्हणजे वास खरंच आहे?"

"आहे म्हणजे? दारातच आला मला. आता मान्य आहे, काही जणांना तो मुळीच येत नाही. पण इथं तर इतका आहे, आणि तुमच्या घरात तर दोघांचीही नाकं तयार आहेत." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच नाही का बाटली पाठवताना मला सांगितलंत, की सर, भरायला लागल्यापासून ओल्या पोत्यासारखा येतोय? मी ते ऐकूनच ओळखलं होतं."

ओल्या पोत्यासारखा. माझेच शब्द म्हणावेत, तर ते मी घरात बोलले होते. पण "भरायला लागल्यापासून"? मी म्हटलं होतं त्याच्याही आधीपासून?

हे मांडणीकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

सरांना चहा करून दिला. पोहे केले. ते काय काय सांगत होते, लाकूड सगळं बाहेर काढा, पावडर पुन्हा दारात आणू नका, त्या पिशवीची बुचं जाळा, त्या बाटल्या विकू नका. मागच्या टाकीतली वाइन अजून भरलेली नाही ना? मग ती कदाचित वाचली असेल. सर म्हणाले, माझं नाक आता ह्या वासानं गेलंय. उद्या सकाळी वहिनींना मोकळ्या हवेत हुंगायला द्या. त्यांचं पहिलं हुंगणं खरं. मी "हो हो" करत होते. मला नाचावंसं वाटत होतं. खरंच सांगते, गोदामाच्या दारात फुगडी घालावीशी वाटत होती, आणि त्याच वेळी एक भरलेली बाटली उचलून ह्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटत होती. दोन्ही एकदम. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

सरांची गाडी वळणापलीकडे गेली. मी विचारलं, "कधीपासनं येत होता तुमाला?"

त्यांनी गोदामाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "पहिल्यापासनं."

"मंग मला न्हाई कावून म्हणला?"

"तू एकटी म्हणत व्हतीस तवर वास तुझ्या नाकात व्हता," ते म्हणाले. "मी हो म्हणलो असतो तर तो बाटल्यांत गेला असता."

"आणि अंबाजोगाईला? तिथं बसला व्हता न्हवं शेजारी, माझी पर्स धरून?"

"तवा लईच उशीर झालता गं. तवा कसं सांगायचं?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी दरवर्षी वर्गात शिकवते. मी म्हटलं, "म्हंजी बाटल्या खराब निघण्यापरीस बायको खराब निघालेली परवडली तुमाला." ते रडले असते तर मला आवडलं असतं. रडले नाहीत. मीच रडले, आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. हे पहाटेच गोदामातून मागच्या टाकीतली वाइन काढून घेऊन आले होते. ग्लास दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं उभे राहिले. डोळे लाल, दाढी वाढलेली. वर्षाची मेहनत म्हणून आता तेवढी टाकीच उरली होती.

"एवढं बघ की," ते म्हणाले. "मला काही कळंना झालंय. कधी वाटतंय येतोय, कधी वाटतंय न्हाई. रातीपासनं हुंगतोय. माझं नाकच गेलंय जनू."

मी हात पुसले. ग्लास घेतला आणि नाकाशी धरला.

सीताफळ. स्वच्छ, भरून आलेलं, पिकून फुटलेलं सीताफळ, आणि कडेला तोच मध. पोत्याचा मागमूस नाही. माझं नाक शाबूत होतं, डोकं शाबूत होतं. मला तिथल्या तिथं आईची इतकी आठवण झाली की डोळे भरून आले. ते बघून ह्यांचा चेहरा पडला.

"काय? हाय का वास? खरं सांग."

मी ग्लास त्यांच्या हातात परत दिला.

"मला कशाला विचारता?" मी म्हटलं. "मला तर रिकाम्या बाटलीतबी वास येतो. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेत व्हता न्हवं का तुमी माझ्यासाठी?"

"अगं, असं काय करतीस? सांग की."

मी परत भांड्यांना लागले. ते बराच वेळ तिथं उभे होते. ग्लासात नाक घालत होते, बाहेर काढत होते, परत घालत होते.